जुनी डिकल शीट वापरावी की टाकून द्यावी? (१/७२ मिग-२१ एफएल, भारतीय हवाई दल)

डेल्टाविंग_७७

मंडळी, मिग-२१ एफएलचं १/७२ प्रमाणातलं मॉडेल रंगवून तयार आहे. नैसर्गिक धातूचा रंग दिलाय, म्हणजे ७१च्या लढाईत घाईघाईने कॅमोफ्लाज फासलं गेलं त्याआधीचं रूप. आता अडलंय ते डिकल्सपाशी, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायच्या छापील चिन्हांपाशी. हाताशी आहे ती १९८०च्या सुमाराची एक परदेशी शीट. तिच्यात भारतीय हवाई दलाची राउंडेल्स (गोल चिन्हं), फिन फ्लॅश (शेपटीवरचे तिरंगी पट्टे) आणि सी-ने सुरू होणारे दोन-तीन नंबर आहेत.

शीटची अवस्था अशी:
- राउंडेल्सच्या भोवतालची पारदर्शक फिल्म पिवळी पडलीय.
- शीट उजेडात तिरकी धरली की हिरव्या रंगावर केसासारख्या बारीक भेगा दिसतात.
- वरचा संरक्षक पातळ कागद एका कोपऱ्यात चिकटून बसलाय.

कॅमोफ्लाजवर थोडा पिवळेपणा खपून गेला असता, पण चंदेरी रंगावर तो लगेच डोळ्यांत भरेल. शीट वाचवता येईल का? वाचवायची तर कुठल्या क्रमाने काय करायचं? सेटिंग सोल्युशन म्हणून, म्हणजे डिकल मऊ करून पृष्ठभागावर नीट बसवणारं द्रव म्हणून, मायक्रो सेट, मायक्रो सोल आणि मिस्टर मार्क सॉफ्टर घरात आहेत.

---

ओझरकर

वाचेल. पण पाण्यात बुडवायची घाई करू नका. जुन्या शीटचं वाटोळं होतं ते पहिल्या तीस सेकंदांत.

आधी स्कॅन करा. किमान ६०० डीपीआय, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून, फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये. जेपीजीत बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. पुढे काहीही बिघडलं तरी मापं आणि अक्षरांचं वळण तुमच्याकडे राहील.

मग चाचणी. शीटवर कंपनीचं नाव किंवा शीटचा क्रमांक छापलेला असतो, तो विमानाला लागत नाही. तेवढा तुकडा कापा, कोमट पाण्यात १० ते १५ सेकंद बुडवा आणि बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यातच तरंगत ठेवलात तर डिंक धुऊन जातो. मग बोटाने हलकेच सरकवा. अखंड सरकला तर निम्मी काळजी मिटली. ठिकऱ्या उडाल्या तर फिल्मचा नवा थर द्यावा लागेल. जागचा हललाच नाही तर पाणी जरा गरम घ्या, पुन्हा थांबा.

हा तुकडा पांढऱ्या प्लॅस्टिकवर लावून बघायला विसरू नका. बऱ्याचदा पिवळा पडलेला असतो तो मागचा कागद, आणि त्याच्यावरची फिल्म स्वच्छ निघते. लोक उगाच आठवडाभर शीट उन्हात टांगतात.

फिल्मच पिवळी निघाली तर मात्र ऊन हाच उपाय. शीट झिपलॉकच्या पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी टाका, छापील बाजू काचेकडे करून ऊन येणाऱ्या खिडकीला चिकटवा. फिल्ममधलं व्हार्निश अंधारात, फायलीत पडून राहिलं की पिवळं पडतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो पिवळा रंग तुटतो. एक ते तीन आठवडे लागतात, दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा. केशरी आणि हिरव्या भागावर काळ्या कागदाच्या गोल चकत्या झाकून ठेवा, नाहीतर फिल्म स्वच्छ होईल पण केशरी रंगही विटेल. हे काम पावसाळ्यात काढू नका, ऊनही नाही आणि दमटपणा फुकटचा.

आता भेगा. जुन्या फिल्ममधला लवचिकपणा गेलेला असतो. ओली झाल्यावर खालचा कागद आणि डिंक फुगतात, वरच्या कडक फिल्मला ताणता येत नाही, मग ती मुळातल्या भेगांवर फुटते. म्हणून पाणी लागण्याआधी वरून नवी फिल्म. मायक्रोस्केलचं लिक्विड डिकल फिल्म त्यासाठीच आहे. रुंद, मऊ, सपाट ब्रश घ्या. एका दिशेने, एका हाताने, एकच पातळ थर. गेलेल्या जागेवरून ब्रश परत फिरवलात तर जुनी शाई विरघळून ओढली जाते. रात्रभर वाळू द्या.

आणि एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. नवी फिल्म अख्ख्या शीटवर बसते. म्हणजे मूळ शीटवर प्रत्येक डिकलभोवती फिल्मची जी हद्द होती, ती आता उरत नाही. प्रत्येक डिकल शाईच्या कडेपासून अर्ध्या मिलिमीटरवर कापून घ्यावं लागतं. कात्री नको, ती कड उचलते. हॉबी नाइफचं नवं कोरं ११ नंबरचं टोकदार पातं, खाली काच किंवा कटिंग मॅट, आणि एका दमात ओढण्यापेक्षा हलक्या हाताने तीन-चार वेळा. थर देण्याआधी कापू नका, कोरडी जुनी फिल्म पात्याखालीच तडकते.

लावताना पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंगाच्या खडबडीत कणांमध्ये हवा अडकते आणि फिल्मखाली चंदेरी चट्टा दिसतो. तुमचा रंग धातूचा असला तरी त्यावर ग्लॉस (चकचकीत पारदर्शक थर) लागेलच, आणि तो निदान २४ तास वाळलेला हवा. डिकलच्या जागी मायक्रो सेटचा थेंब, त्यावर डिकल, जागेवर सरकवायचं, टिश्यूच्या टोकाने कडेचं पाणी टिपायचं. पाच-दहा मिनिटांनी मायक्रो सोल, ब्रशने कडेकडेने. डिकल सुरकुतेल. सुरकुतलं म्हणून बोट लावाल तर संपलं. १५ मिनिटं तिकडे बघूच नका, आपोआप ताणून बसतं.

मिस्टर मार्क सॉफ्टर बाजूला ठेवा. नव्या थरावर त्याचा परिणाम काय होईल हे चाचणीच्या तुकड्यावर बघितल्याशिवाय राउंडेलवर नको.

---

पॅनललाइन

ओझरकर यांचा क्रम बरोबर आहे, पण मुळात राउंडेल्ससाठी एवढा खटाटोप कशाला हा माझा प्रश्न. तीन एककेंद्री वर्तुळं, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. ती रंगवता येतात, आणि रंगवलेली कुठल्याही डिकलपेक्षा चांगली दिसतात. फिल्म नाही, कड नाही, चंदेरी चट्टा नाही.

शीटवरून तिन्ही व्यास कॅलिपरने मोजा. सर्कल कटरने मास्किंग टेपमध्ये वर्तुळं कापा. एकाच ठिकाणी टोक रोवून मोठं, मधलं, लहान अशी तिन्ही एका बैठकीत कापली तर केंद्र चुकत नाही. बाहेरचा टेप विमानावर लावून आधी अख्खी चकती पांढरी रंगवा. वाळल्यावर मधल्या कड्याचा आणि आतल्या चकतीचा टेप जागेवर ठेवून केशरी फवारा. मग फक्त आतली चकती उघडून हिरवा. केशरी आधी आणि हिरवा नंतर, कारण आतल्या चकतीवर केशरीचा शिंतोडा गेला तर तो हिरव्याखाली झाकतो, पण हिरवा आधी देऊन तो केशरीच्या जागी उडाला तर केशरीचे तीन थर द्यावे लागतात. हिरवा फवारताना बाहेरचं केशरी कडं झाकलेलं हवं, हे सांगायला नकोच.

दुसरं कारण रंगाचं. त्या काळच्या परदेशी शीट्सवर केशरी म्हणून सर्रास संत्रा रंग छापलाय, आणि हिरवा इतका गडद की १/७२मध्ये काळाच वाटतो. शिवाय जुन्या छपाईतला पांढरा पातळ असतो. चंदेरीवर त्याचं राखाडी होतं. कॅमोफ्लाजवर तर केशरीही मळकं दिसतं. डिकलच वापरायचं असेल तर खाली पांढऱ्या रंगाची चकती फवारून घ्या, डिकलच्या व्यासापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान. आणि छपाई सरकलेली असेल, म्हणजे एका बाजूने पांढऱ्याची कोर बाहेर डोकावत असेल, तर ती पात्याने आधीच काढा. विमानावर लावल्यावर कापाल तर खालचा रंग जाईल.

नंबर मात्र शीटमधलेच घ्या. काळी अक्षरं एका रंगात छापलेली असतात, ती सगळ्यात चांगली टिकतात.

आणखी एक. नंबर एफएलचाच आहे ना, हे फोटोवरून पडताळा. हवाई दलाच्या एफएल आणि त्यानंतरच्या एकआसनी मिग-२१चे नंबर सी-नेच सुरू व्हायचे, मग ते टाइप ७७ (म्हणजे एफएल) असो, नंतरचं टाइप ९६ असो की बिस. जुन्या शीट्समध्ये या सगळ्यांचे नंबर एकाच पाकिटात कोंबलेले असतात आणि सूचनापत्रकात चित्र एकाच विमानाचं. बिसचा पाठीचा फुगीर कणा आणि एफएलचा सडपातळ, इतका उघड फरक असताना बिसचा नंबर एफएलवर लागला की जाणकार आधी तेवढंच बघतात.

---

डेल्टाविंग_७७

दोघांचेही आभार. चाचणी केली. तुकड्याचे चार भाग झाले, म्हणजे फिल्म लागणारच. पांढऱ्या प्लॅस्टिकवर बघितलं तर पिवळेपणा फिल्ममध्येही आहे, पण कागदाइतका नाही.

राउंडेल्स रंगवायचा विचार पटतोय, पण फिन फ्लॅश आणि नंबर शीटमधलेच घेईन. दोन शंका. एक, लिक्विड डिकल फिल्म इथे मिळायला वेळ लागतोय, तर एअरब्रशने लॅकर ग्लॉस चालेल का? की गाड्यांचं टूके क्लिअर (दोन घटक मिसळून पक्कं होणारं व्हार्निश)? दोन, तो चिकटलेला कागद कसा काढायचा?

---

कोकणीग्लॉस

कागदाचं आधी सांगतो, कारण इकडे किनारपट्टीला हे दुखणं कायमचं. दमट हवेत शीटच्या कडेने डिंक ओला होतो, संरक्षक कागद त्याला धरतो. ओढू नका, डिकलसकट येईल. चिकटलेल्या भागाच्या पलीकडून कागद कापून टाका, फक्त चिकटलेला तुकडा शिल्लक ठेवा. त्याखाली काम नसलेलं डिकल असेल तर सोडून द्या. कामाचं असेल तर वरच्या कागदावर ओलसर, म्हणजे पिळून काढलेली, कापसाची काडी टेकवायची, अर्धं मिनिट, आणि कागद डिकलला जवळपास समांतर धरून सोलायचा. वर उचलायचा नाही. थोडे तंतू राहतील. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने झाडा, उरलेले नव्या फिल्मखाली दिसत नाहीत. हे सगळं फिल्म देण्याआधी, आणि ओलावा कमीत कमी. तुमची फिल्म फुटकी आहे हे लक्षात असू द्या.

शीटवर तपकिरी ठिपके असतील तर ती बुरशी. कागदावर असेल तर दुर्लक्ष करा. फिल्मच्या आत गेली असेल तर निघत नाही, तेवढं डिकल बाद.

अशा शीटचा डिंकही बहुधा मेलेला असतो. डिकल बसतं, पण वाळल्यावर कडा उठतात. त्यासाठी फेविकॉल पाण्यात पातळ करून ठेवा, साधारण एक भाग फेविकॉल, दहा भाग पाणी. डिकल कागदावरून सुटलं की विमानावर ह्या पाण्याचा थेंब, त्यावर डिकल. बाहेर आलेलं लगेच ओल्या ब्रशने पुसा, वाळलं की चकाकणारी कड राहते. आणि ह्याच्यासोबत मायक्रो सेट नको. त्यात सौम्य ॲसिड असतं. मायक्रो सोल लावायचं ते पूर्ण सुकल्यावर, दुसऱ्या दिवशी.

टूके क्लिअर अजिबात नको. तो थर जाड होतो आणि एकदा पक्का झाला की मायक्रो सोल त्याला मऊ करू शकत नाही. डिकल पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघांत) उतरणार नाही, वरून पूल बांधल्यासारखं बसेल.

---

ओझरकर

लॅकर ग्लॉसबद्दल. मिस्टर कलरचा जीएक्स१०० चालतो. लेव्हलिंग थिनर निम्म्याहून जास्त, म्हणजे एक भाग ग्लॉसला दीड भाग थिनर. धोका थिनरचा आहे. पहिलाच थर ओला बसला की जुनी शाई विरघळते आणि काळ्या अक्षरांच्या कडा पसरतात. म्हणून पहिले दोन थर लांबून, २० सेंटिमीटरवरून, नुसते धुक्यासारखे. मध्ये दहा-दहा मिनिटं. ते सुकले की मग एक जरा ओला थर. शीट पुठ्ठ्यावर चारी बाजूंनी टेपने ताणून बसवा, नाहीतर वाळताना गुंडाळी होते आणि गुंडाळी सरळ करताना भेगा वाढतात. रात्रभर थांबा. ह्या थरावर मायक्रो सोलचा परिणाम लिक्विड फिल्मपेक्षा कमी होतो, दोन-तीन वेळा लावावं लागतं. तिथे मार्क सॉफ्टर वापरायला हरकत नाही, चाचणी करून.

फरशीला लावायचं ॲक्रिलिक पॉलिश वापरा असा सल्ला कुणीतरी देईलच. विमानावर ग्लॉस म्हणून ते छान आहे, पण फुटक्या शीटला धरून ठेवायला त्यात ताकद नाही. पाण्यात भिजलं की पांढुरकं आणि मऊ होतं.

फिन फ्लॅश एवढं करूनही फुटलाच, तर घाबरून टिपायला जाऊ नका. विमान आडवं ठेवा, शेपटीवर भरपूर पाणी ठेवा, तुकडे त्या पाण्यावर तरंगू द्या आणि ओल्या ब्रशने एकमेकांना टेकवा. तीन सरळ पट्टे आहेत, जुळवणं अवघड नाही. पाणी कडेने हळूहळू टिपायचं. राहिलेली फट नंतर रंगाने भरा, पण रंग वाळलेल्या डिकलवर आणि ग्लॉस दिल्यावर.

---

सुटाभाग

स्कॅन केलंच आहे तर नंबरांसाठी घरचा छापखाना का नाही? काळी अक्षरं साध्या लेझर प्रिंटरवर, पारदर्शक डिकल पेपरवर झकास येतात. लेझरच्या टोनरला पाण्याचं भय नाही, तरी वरून ग्लॉसचे दोन हलके थर द्या, नाहीतर वाकवताना टोनर तडकतो. इंकजेट असेल तर थराशिवाय पाण्यात घातलंत की शाई गेलीच समजा, तिथे तीन थर. आणि पेपर प्रिंटरच्या जातीचाच घ्या. इंकजेटचा पेपर लेझरमध्ये घातला की गरम रोलरवर फिल्म वितळून चिकटते, मग प्रिंटर दुरुस्तीला.

पांढरा मात्र घरच्या साध्या प्रिंटरवर छापता येत नाही. त्यामुळे राउंडेल आणि फिन फ्लॅश छापायचे तर पांढरा डिकल पेपर आणि अगदी शाईच्या कडेवर कापणं, किंवा पारदर्शक पेपर आणि विमानावर खाली पांढरा रंग. पांढऱ्या पेपरची कापलेली कड पांढरी दिसते, तिच्यावरून त्याच रंगाचा ब्रश फिरवावा लागतो. फिन फ्लॅशला हे जमतं, राउंडेलला कटकट.

स्कॅनमधली अक्षरं तशीच छापू नका. जुन्या छपाईचा धूसरपणा त्यात आलेला असतो. त्यांच्यावर व्हेक्टरमध्ये नव्याने रेषा ओढा, मग उंची मूळ शीटशी मिलिमीटरमध्ये जुळवा. प्रिंटरच्या खिडकीत 'पानावर बसवा' हा पर्याय चालू राहिला की सगळं चार-पाच टक्के लहान येतं आणि लक्षात येतं ते लावल्यावर. १०० टक्क्यांवर आधी साध्या कागदावर छापून शीटवर ठेवून बघा.

जाता जाता, कुणाकडे पाण्याच्या डिकल्सऐवजी घासून लावायची जुनी ट्रान्सफर शीट असेल, तिचा मेणासारखा गोंद सुकलेला असतो आणि अर्धं अक्षर कागदावरच राहतं. ती थेट विमानावर घासू नका. कोऱ्या पारदर्शक डिकल पेपरवर घासा, तिथे पाठीला काच घेऊन जोर देता येतो. वरून एक ग्लॉस, मग कापून पाण्याचं डिकल म्हणून वापरा.

---

डेल्टाविंग_७७

ठरलं. राउंडेल्स रंगवतो, फिन फ्लॅश शीटमधला, नंबर शीटमधला, तो फुटला तर छापील. शेवटचं एक विचारतो: चंदेरीवर नंबरांच्या भोवती फिल्मची कड दिसणार, तिचं काय? आणि धातूच्या रंगावर मायक्रो सोलचे डाग पडतात असं वाचलं.

---

ओझरकर

डाग पडतात, खरंय. सोल्युशन एका जागी थेंब होऊन वाळलं की तिथे कड उमटते, उघड्या धातूच्या रंगावर तर नक्कीच. म्हणून त्या रंगावर ग्लॉसचा पातळ थर आधी हवाच, चमक थोडी उतरली तरी. वापरात असलेल्या मिगचा पत्रा काही आरशासारखा नव्हता, उतरलेली चमकच खरी वाटते. सोल्युशन लावल्यावर डिकलच्या बाहेर गेलेलं लगेच टिपा, आणि सगळं वाळल्यावर पूर्ण भाग स्वच्छ पाण्याच्या ओल्या कापडाने पुसा. जुन्या डिंकाचा तपकिरी ओघळ राहिलेला असतो, तोही त्यातच जातो. तो तसाच ठेवून वरून ग्लॉस दिला तर कायमचा बंदिस्त.

कडेबद्दल. नंबराचं प्रत्येक अक्षर सुटं कापून लावलं तर मधली फिल्म उरतच नाही. सुटी अक्षरं एका ओळीत ठेवायला खाली मास्किंग टेपची बारीक पट्टी आखणीसारखी लावा, तिला टेकवून अक्षरं बसवा, वाळल्यावर पट्टी काढा. दोन अक्षरांमधलं अंतर मूळ शीटवरून डिव्हायडरने घ्या.

एवढं करायचं नसेल तर डिकल्स २४ तास वाळल्यावर त्या भागावर ग्लॉसचे दोन थर द्या, दोन दिवस थांबा, मग ३००० ग्रिटचा ओला पॉलिशिंग कागद साबणाच्या पाण्यात बुडवून फक्त कडेवरून हलके फिरवा. मध्येमध्ये पुसून तिरक्या उजेडात बघा. कड दिसेनाशी झाली की तिथेच थांबा. पाण्यात काळा रंग उतरायला लागला तर अक्षरापर्यंत पोचलात. पुन्हा एक ग्लॉस, आणि अखेरीस सेमी-ग्लॉसचा थर सगळ्या विमानावर एकसारखा, म्हणजे डिकलची चकाकी आणि पत्र्याची चकाकी वेगळी दिसत नाही.

---

कोकणीग्लॉस

उरलेली शीट तशीच पाकिटात सारू नका. दोन्ही बाजूंना बटर पेपर, सिलिका जेल, झिपलॉक, आणि आडवी, जाड पुस्तकाखाली. सिलिका जेल पावसाळ्याआधी एकदा आणि मध्ये एकदा बदला. वरून फिल्म दिलेल्या शीट एकमेकींवर उघड्या ठेवल्या तर त्या चिकटतात, बटर पेपर त्याचसाठी.